दोन दहाचा मिस्ड कॉल

करारात सत्तावीस कलमं आहेत.
फोन कितव्या मिनिटाला उचलायचा,
यंत्र वर्षातून किती टक्के वेळ जागं राहील,
न राहिल्यास बिलातून किती कापायचं.
जळगावच्या डाळ मिलचं सगळं आता आमच्याकडे,
म्हणजे भुसावळला, जामनेर रोडवर,
मेडिकलच्या वरच्या खोलीत.
चार टेबलं, सहा स्क्रीन, रात्रपाळीला मी.

ज्यांच्याकडून घेतलं ते लीलाधर भारंबे.
अकरा वर्षं त्या सर्व्हरपाशी. हुद्दा काय,
ते मिलमध्येही कुणाला नीट सांगता आलं नाही.
पगारपत्रकात स्टोअरकीपर.

सह्यांच्या दिवशी त्यांनी वही आणली,
दोनशे पानी, तुरीच्या भुकटीनं पिवळी पडलेली.
पासवर्ड शेवटच्या पानावर, उलटे लिहिलेले.
बाकी पानांवर असं :
सोमवारी पंख्यांना ब्रश मारणे.
मे महिना, खिडकीला ओलं गोणपाट, दुपारून तीनदा.
यूपीएस दोनदा बोलला तर घाई नाही,
तिसऱ्यांदा बोलला तर जिन्याकडे पळणे.
डाव्या डिस्कला हात लावून बघणे. ताप असला की कळतो.

आमच्या साहेबांनी वही चाळली, परत दिली.
काका, हे आता लागणार नाही, सगळं क्लाउडवर.
शेठनी विचारलं, म्हणजे नेमकं कोणत्या गावात?
साहेब म्हणाले, गाव नसतं त्याला.
शेठ गप्प राहिले.
ज्याला गाव नाही त्याला उधारी देत नाहीत त्यांच्या पेढीवर.
भारंबे काकांनी एवढंच विचारलं,
"उन्हाळ्यात तढी गोणपाट कोण लावतं?"

पहिल्याच रात्री दोन दहाला फोन.
"बॅकप झाला का वं?"
झाला काका, झोपा.
दुसऱ्या रात्री दोन दहा. तिसऱ्या रात्री दोन दहा.
सर्व्हर दिला, चाव्या दिल्या, पासवर्ड दिले,
पण मोडलेली झोप कुणाच्या नावावर करायची
याला कागद नव्हता.
चौथ्या रात्री मीच म्हटलं,
बॅकप झाला की मिस्ड कॉल देईन.
एक रिंग वाजली की कूस बदलायची.

अठ्ठाविसावं कलम. साहेबांना माहीत नाही.

मग मार्चअखेरची ती रात्र.
एकसष्ट टक्क्यांवर अडकून बसला बॅकप.
यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते,
आणि फोनवर बेंगळुरूची रेकॉर्ड केलेली बाई
तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे
म्हणत मला बासरी ऐकवत होती.
दोन दहा होऊन गेले. मी रिंग दिली नाही.
दोन पंचवीस.
दोन चाळीसला माझाच फोन वाजला.
"नाही आला, म्हणून केला."

सांगितलं, एकसष्ट.
पलीकडे तांब्या ठेवल्याचा आवाज.
"मार्च हाय ना. प्रल्हाद मुनीम
उधारीची फाइल उघडी टाकून घरी गेला असेल.
दर साली जातो. त्याले बाहेर काढ."
काढलं.
बासठ. त्रेसठ. मग भराभर,
उतारावर सोडलेल्या सायकलसारखा.
हिरवा.

तिकिटात लिहिलं,
कारण : उघडी फाइल. उपाय : सेशन बंद केलं.
कोणी सोडवलं, या रकान्यात
आमच्या चौघांचीच नावं निवडता येतात.
मी माझं निवडलं.

नंतर रिंग दिली, एकच.
त्यांनी उचलला, पहिल्यांदाच.
विचारलं, काका, ती वही आहे का अजून?
"हाय ना. दुधाचा हिशोब लिहितो आता तिच्यात,
जिथं जागा उरली तिथं.
गोणपाटाचं पान तेवढं तसंच ठेवलंय."